कुरण कोणाचें?

इस्लामपूर हें वाळवें तालुक्याचें मुख्य ठाणें. या गांवास ईश्वरपूर हें नांव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं जाहीर केला. परंतु आम्हांस जो इतिहास सांगावयाचा आहे तो बहुतेक सर्व जुन्या नांवाच्या अमदानींत घडलेला असल्यामुळें आम्हीं येथें तेंच नांव राखलें आहे. या गांवाहून पश्चिमेची वाट धरली, तर अर्ध्या दिवसाच्या आंत प्रवाशास तीन निरनिराळे मुलूख दृष्टीस पडतात. प्रथम कृष्णाकांठची काळीभोर, सपाट, उसानें दाटलेली जमीन. मग शिराळ्याच्या पुढें चढउताराचें, तांबूस मातीचें, भाताचीं व नाचणीचीं लहान लहान शेतें अंगावर वागविणारें माळरान. आणि शेवटीं वारणेच्या धरणामागें एकीवर एक चढत गेलेल्या सह्याद्रीच्या रांगा. या रांगांच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जें रान पसरलें आहे, त्यास आज चांदोली राष्ट्रीय उद्यान असें म्हणतात. त्याचें क्षेत्र सुमारें ३१८ चौरस किलोमीटर आहे, आणि सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सीमा त्यांत एकमेकींस भिडतात.

राष्ट्रीय उद्यान हें नांव ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते, कीं येथें सृष्टीच्या आरंभापासून निबिड अरण्यच होतें, मनुष्याचें पाऊल येथें कधीं पडलें नाहीं, आणि सरकारनें त्याभोंवतीं रेघ ओढून तें जसेंच्या तसें राखलें, एवढेंच काय तें घडलें. ही समजूत खरी नाहीं. या रानांत गवा ज्या गवतावर चरतो तें गवत पुष्कळ ठिकाणीं मनुष्याच्या जुन्या शेतांवर उगवलेलें आहे; सांबर ज्या सपाटीवर संध्याकाळीं उतरतें तेथें कोणाचें तरी खळें होतें. वन्य पशूंचें आजचें कुरण हें कालच्या गांवकऱ्यांच्या हातचें आहे. ही गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून पशूंचें रक्षण नीट होणार नाहीं, आणि माणसांस न्यायही मिळणार नाहीं, असें आमचें मत आहे. आणि तें कां, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

कुरण हा शब्द आज आपण गवताळ जागा या मोघम अर्थानें वापरतों. मराठेशाहीच्या कारभारांत मात्र त्यास नेमका अर्थ होता. गायरान हें गांवच्या गुरांस मोकळें. कुरण म्हणजे राखलेलें रान. पावसाळ्यांत तेथें गुरें शिरूं द्यावयाचीं नाहींत, आणि गवत पक्व झालें म्हणजे तें कापून त्याच्या गंजी रचावयाच्या, असा शिरस्ता असे. ज्या राज्याचें बळ घोड्यांच्या पाठीवर उभें होतें, त्यास गवत हें दारूगोळ्याइतकेंच अवश्य होतें. म्हणून सरकारी कुरणांवर राखणदार नेमीत, आणि तेथील गवत कापण्याची व वाहण्याची वेठ आसपासच्या गांवांवर पडे. ही वेठ सुखाची नव्हती. जुन्या काळीं सर्वच कांहीं गोड होतें, असें आम्हांस भासवावयाचें नाहीं. परंतु रान राखणें ही कल्पना या देशांत परक्यांनीं आणली, हें म्हणणें मात्र टिकत नाहीं. किल्ल्यांच्या घेऱ्यांतील झाडी संरक्षणासाठीं राखली जाई. देवाच्या नांवानें सोडलेल्या देवरायांवर कुऱ्हाड पडत नसे. आणि गांवचें गायरान कोणीं किती वापरावें, याचे संकेत गांवासच ठाऊक असत.

या संबंधांत रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्राचें स्मरण होतें. इसवी सनाच्या अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सिद्ध झालेल्या या ग्रंथांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विचार आला आहे. जहाजांस लांकूड हवें, हें अमात्य जाणतात. तथापि रयतेनें वर्षानुवर्षें जोपासलेल्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, आणि फारच गरज पडली तर जीर्ण झालेलें झाड धन्यास राजी करून व त्याचें मोल देऊनच घ्यावें, असा त्यांचा आशय आहे. राज्याची गरज मोठी असली, तरी ती भागवितांना राजीखुशी आणि मोल या दोन गोष्टी सोडावयाच्या नाहींत, हा यांतील मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां वारणेच्या वरच्या खोऱ्याकडे वळूं. ही नदी पाथरपुंजाच्या परिसरांत उगम पावते, आणि सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेस मिळते. उगमाकडचा पाऊस इतका विलक्षण, कीं पावसाळ्याचे चार महिने तेथील वाड्यावस्त्यांचा जगाशीं संबंध तुटल्यासारखाच होई. अशा मुलखांत झोळंबी, रुंदीव, निवळें, गोठणें यांसारखीं गांवें पिढ्यान् पिढ्या नांदत होतीं. गोठण म्हणजे गुरें विसावण्याची जागा; तेव्हां शेवटचें नांव पुरेसें बोलकें आहे. नदीच्या बाजूस भाताचीं खाचरें, उतारावर राब भाजून केलेली नाचणी व वरी, आणि त्याहून वर जांभ्या दगडाच्या सड्यांवर गुरांची चराई, अशी या गांवांची मांडणी होती. सड्यांच्या आधारानें गवळी-धनगरांचे दोनदोन चारचार घरांचे वाडे असत. म्हशी पाळाव्या, तूप कढवावें, आणि तें डोक्यावर घेऊन घाट उतरून बाजारास न्यावें, हा त्यांचा व्यवसाय. या लोकांनीं रान तोडलें हें खरें. पण तें एका जागीं तोडून दुसऱ्या जागीं वाढूं दिलें, हेंही तितकेंच खरें. रान, शेत व गवत यांचें जें ठिगळांचें वस्त्र तयार झालें, त्यांतच गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर आणि त्यांच्यामागें बिबळ्या व वाघ असे सर्व राहत आले.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें, आणि हा मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यांत मोडूं लागला. त्यानंतर रानाकडे पाहण्याची सरकारची दृष्टि पालटली. १८६५ सालीं जंगलाचा पहिला कायदा झाला. १८७८ सालीं दुसरा, त्याहून पुष्कळ कडक असा झाला. या दुसऱ्या कायद्यानें जंगलांचे तीन वर्ग पाडले: राखीव, संरक्षित, आणि गांवाच्या स्वाधीन करावयाचीं ग्रामवनें. पहिल्या वर्गाची वाढ झपाट्यानें झाली. तिसरा वर्ग बहुतांशीं कागदावरच राहिला. ज्या सड्यावर काल गुरें मोकळीं चरत, तेथें आज चराईची फी आली. फी भरली नाहीं, तर १८७१ च्या कायद्यान्वयें गुरें कोंडवाड्यांत जाऊं लागलीं. गुरें सोडवून आणावयाचीं तर दंड भरावयाचा, आणि दंडासाठीं सावकाराच्या उंबऱ्यास जावयाचें. या स्थितीवर सर्वांत तिखट टीका महात्मा जोतीराव फुले यांनीं केली. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत डोंगर, दऱ्या व गायरानें जंगलखात्याच्या घशांत गेल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांस कशी जागा उरली नाहीं, याचें त्यांनीं वर्णन केलें आहे. फुल्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. या मुलखाचें दुःख त्यांस परकें नव्हतें.

हें दुःख अर्धशतक मुरत राहिलें आणि १९३० सालीं उफाळून वर आलें. महात्मा गांधींनीं त्या वर्षीं मिठाचा कायदा मोडला. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेस समुद्र नाहीं आणि मीठही नाहीं. तेथें लोकांनीं जंगलचा कायदा मोडला. वऱ्हाडांत पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून कैद पत्करली. समुद्रकांठीं जें मीठ, तेंच डोंगरकांठीं गवत होतें. त्याच वर्षीं आमच्या या वाळवें तालुक्याच्या डोंगराळ भागांत, वारणेच्या तीरावरील बिळाशी गांवीं, लोकांनीं राखीव जंगलांतील झाड तोडून आणून त्याचा ध्वजस्तंभ उभारला, त्यावर तिरंगी ध्वज चढविला, आणि त्याच्या रक्षणासाठीं बायामाणसेंदेखील पहाऱ्यास उभीं राहिलीं. सरकारनें तो ध्वज उतरविण्यासाठीं पोलीस पाठविले. गोळीबार झाला, आणि त्यांत माणसें प्राणास मुकलीं. बिळाशीचा हा सत्याग्रह महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यांत गौरविला जातो, आणि तें योग्यच आहे. पण त्याचा अर्थ केवळ ध्वजापुरता घेतला, तर अर्धा अर्थ निसटतो. स्तंभासाठीं झाड कोठून आणावें, हें ठरवितांना गांवानें एक निर्णय दिला होता: हें रान आमचें आहे, आणि आम्हांस विचारल्यावांचून कोणीं त्यावर कुंपण घालूं नये.

स्वराज्य आलें. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. शिराळ्याचा महाल पुढें स्वतंत्र तालुका झाला. जंगलचा कायदा मात्र १९२७ सालचा, इंग्रजांच्या वेळचाच चालू राहिला. त्यावर दोन नवीं ओझीं आलीं. एक पाण्याचें, दुसरें पशूंचें. आणि दोन्हीं लोकहिताचींच होतीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. वारणेवर चांदोली येथें धरण बांधण्यांत आलें. त्यांत ३४ टी. एम. सी. हून अधिक पाणी सांठतें, आणि वसंतसागर या नांवानें तें प्रसिद्ध आहे. दुसरीकडे १९७२ सालीं वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या आधारानें १९८५ सालीं चांदोलीचें अभयारण्य जाहीर झालें. २००४ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें. २०१० सालीं शेजारच्या कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प बनला. आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जीं स्थळें जागतिक वारशांत गणलीं गेलीं त्यांत चांदोलीचाही समावेश झाला. वाघाच्या दृष्टीनें पाहतां ही पायरीपायरीनें चढत गेलेली प्रतिष्ठा आहे. गांवांच्या दृष्टीनें पाहतां प्रत्येक पायरी ही एक बंद झालेली वाट आहे.

कांहीं गांवें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं. कांहीं पाण्याच्या वर राहिलीं, तीं अभयारण्यासाठीं उठविलीं गेलीं. वाळवें, शिराळें व कोल्हापुराकडील हातकणंगलें या तालुक्यांत त्यांच्या नव्या वसाहती झाल्या. डोंगरांत चार महिने पावसांत कोंडून राहणारा माणूस एकाएकीं रस्त्याच्या कडेस, आंखलेल्या चौकोनांत राहूं लागला. कोणास जमीन मिळाली पण पाणी नाहीं. कोणास कागद मिळाला पण जमिनीचा ताबा नाहीं. कोणाची नोंदच वेळेवर झाली नाहीं. डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ति दलानें हीं गाऱ्हाणीं वर्षानुवर्षें वेशीवर टांगलीं, आणि विस्थापितांनीं जिल्ह्याच्या कचेऱ्यांपुढें दीर्घ काळ ठिय्ये दिले. महाराष्ट्रांत प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालींच झाला होता. म्हणजे उणीव कायद्याची नव्हती. आंब्याचें एक जीर्ण झाड घेतांना अमात्यांनीं ज्या दोन अटी घातल्या होत्या, त्या सबंध गांव घेतांना पुरत्या पाळल्या गेल्या नाहींत, असें म्हणणें आम्हांस प्राप्त आहे.

येथवर आम्हीं माणसांची बाजू सांगितली. आतां गवताची बाजू पाहूं; कारण आमच्या विषयाचें खरें मर्म तेथें आहे.

गांव उठल्यावर शेताचें काय होतें? पहिल्या कांहीं वर्षांत त्यावर गवत माजतें. नांगरानें भुसभुशीत केलेली, शेणखतानें पोसलेली, बांधांनीं धरून ठेवलेली ती माती; तिच्यावरचें गवत रसाळ होतें, आणि गवे व सांबरें तिकडे धांव घेतात. म्हणून चांदोलींतील पशु पाहावयाचे, तर उजाड गांवठाणांच्या आसपासच्या मोकळ्या पट्ट्यांकडे पाहावें लागतें. परंतु ही स्थिति टिकणारी नव्हे. नांगर गेला, राब गेला, म्हशी गेल्या, कीं गवतांत झुडपें शिरतात. कारवी पसरते, घाणेरी व रानमोडी यांसारखीं परदेशी तणें जागा अडवितात, आणि कालांतरानें तेथें दाट झाडी होते. झाडी वाढली ही वार्ता ऐकण्यास गोड आहे. पण गवा झाडावर चरत नाहीं. गवत आटलें, कीं गवा पायथ्याच्या शेतांत उतरतो. आणि ज्याचें भाताचें खाचर एका रात्रींत तुडविलें जातें, त्या शेतकऱ्यास राष्ट्रीय उद्यानाचा अभिमान वाटावा, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. म्हणून आज गवताळ पट्टे राखणें, तणें उपटणें, झुडपें मोडणें हीं कामें वनखात्यास मजूर लावून करावीं लागतात. ज्या कामासाठीं पूर्वीं गांवेंच्या गांवें राबत होतीं, तेंच काम आतां वेतनावर करवून घ्यावें लागतें, हा काळाचा विलक्षण न्याय आहे.

हा अनुभव चांदोलीपुरता नाहीं. राजस्थानांत भरतपूरचें केवलादेव हें पाणपक्ष्यांचें प्रसिद्ध स्थान आहे. १९८२ सालीं तेथें गुरांची चराई सर्वस्वीं बंद करण्यांत आली. गांवकऱ्यांनीं विरोध केला, आणि पोलिसांच्या गोळीबारांत कांहींजण मृत्युमुखीं पडले. पुढें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनीं तेथील स्थितीचा दीर्घ अभ्यास केला, तेव्हां असें आढळलें, कीं म्हशी गेल्यामुळें पाणथळींत एका गवताचें रान माजलें, उघडें पाणी कमी झालें, आणि ज्या पक्ष्यांसाठीं बंदी घातली त्यांचीच अडचण झाली. म्हैस ही पक्ष्यांची शत्रु नसून एका अर्थानें त्यांची माळीण होती. पण हें ज्ञान माणसें मेल्यानंतर आलें.

तरी यावरून चराई सदासर्वदा हितकारकच असते, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. त्यास उत्तर आमच्याच तालुक्याच्या पूर्वेस उभें आहे. देवराष्ट्र्याजवळ, कडेगांव, पलूस व वाळवें या तालुक्यांच्या शिवेवर सागरेश्वराचा डोंगर आहे. त्याच्या कुशींत प्राचीन शिवमंदिरें आहेत. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ सालीं याच देवराष्ट्र्यांत झाला. हा डोंगर अति चराईनें व तोडीनें अगदीं बोडका झाला होता. पाऊस थोडा, बारमाही पाणी नाहीं, आणि माती वाहून गेलेली. अशा ठिकाणीं वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं पुढाकार घेऊन, लोकांस व वनखात्यास हाताशीं धरून, झाडें लावविलीं व जगविलीं. मग सांबर, चितळ, काळवीट हे प्राणी तेथें आणून सोडण्यांत आले. आणि १९८५ सालीं, म्हणजे चांदोलीच्याच वर्षीं, या १०.८७ चौरस किलोमीटरच्या डोंगरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. चांदोली हें माणसें उठवून केलेलें अभयारण्य. सागरेश्वर हें माणसांनीं लावून केलेलें. तेथेंही तंटा नाहीं असें नाहीं. संख्या वाढलेलीं हरणें कुंपणाबाहेर येऊन पिकें खातात, आणि शेतकरी त्रासतो. परंतु तेथील माणूस त्या डोंगराविषयीं बोलतांना ‘आमचा डोंगर’ म्हणतो. हा एक शब्द कोणत्याही कुंपणाहून अधिक मोलाचा आहे.

कायदाही आतां या दिशेनें कांहींसा वळला आहे. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. रानांत पूर्वापार राहणाऱ्यांचे हक्क ठरविल्यावांचून व ग्रामसभेच्या संमतीवांचून त्यांस हलवूं नये, असें त्यानें सांगितलें. त्याच वर्षीं वन्य जीव कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें, व्याघ्र प्रकल्पाची योजना आंखतांना तेथील लोकांची शेती व उपजीविका जपली पाहिजे, असें बंधन घातलें. चांदोलीचीं बहुतेक गांवें त्यापूर्वींच उठलीं होतीं. राजीखुशी आणि मोल या अटी कायद्याच्या पुस्तकांत आल्या, तोंवर देण्याघेण्याचा व्यवहार होऊन गेला होता. आफ्रिकेंत गोरोंगोरो येथें १९५९ सालीं मसाई गुराखी व वन्य पशु यांनीं एकत्र नांदावें अशी योजना झाली; अलीकडे तेथूनही मसाईंस हलविण्याचे प्रयत्न सुरू होऊन मोठा वाद माजला आहे. तेव्हां हा प्रश्न कोणत्याही देशानें कायमचा सोडविला आहे, असें नाहीं. तो दर पिढीस नव्यानें सोडवावा लागतो.

आमच्या पिढीपुढें तो वाघाच्या रूपानें उभा आहे. व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यानंतर कित्येक वर्षें येथें वाघाचें दर्शन दुर्मिळच होतें. २०२५ च्या नोव्हेंबरांत ताडोब्याकडून एक वाघीण आणून चांदोलीच्या रानांत सोडण्यांत आली. तिचें स्वागत असो. वाघ परत यावा, ही इच्छा आमचीही आहे. सह्याद्रीचें रान वाघावांचून अपुरें आहे, आणि रान शाबूत तर वारणेचें पाणी शाबूत. पण वाघ जगावयाचा तर गवा व सांबर हवें, गवा जगावयाचा तर गवत हवें, आणि गवताचें ज्ञान ज्यांस आहे तीं माणसें आज उसाच्या पट्ट्यांत दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करीत आहेत. कोणतें गवत केव्हां कापावें, कोणत्या सड्यावर पाणी किती दिवस टिकतें, वणवा कोणत्या धारेवर अडवावा, हें ज्या म्हाताऱ्यांस तोंडपाठ होतें ते एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर रानाचें एक मोठें दफ्तर जळत आहे, आणि तें पुन्हा लिहितां येणार नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. उठविलेल्या प्रत्येक गांवाचें नांव, त्याच्या शेतांचीं, पाणवठ्यांचीं व देवरायांचीं नांवें त्या माणसांकडून विचारून नोंदून ठेवावीं. कुरणें राखण्याचें काम प्रथम विस्थापितांच्या मुलांस, हक्कानें व योग्य वेतनानें द्यावें. पायथ्याच्या पट्ट्यांत कोठें चारावें, कोठें कापावें व कोठें मुळींच शिरूं नये, हें कचेरींत न ठरवितां ग्रामसभेंत बसून ठरवावें, आणि पिकाची नुकसानभरपाई मोसम उलटण्यापूर्वीं हातीं पडावी. पुनर्वसनाचें जें देणें राहिलें आहे तें चुकवावें. यांत वाघाचें कांहींही कमी होत नाहीं.

इस्लामपुरासारख्या गांवांतील आम्हां सुशिक्षित कुटुंबांचा या प्रश्नाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. वारणेच्या खोऱ्यांतील ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, तें पाणी वरच्या रानानें धरून ठेवलेलें आहे. आणि तें रान ज्यांनीं सोडलें, त्यांच्या वसाहती आपल्याच तालुक्यांत, आपल्या वाटेवर आहेत. त्यांची मुलें आपल्या मुलांबरोबर एका शाळेंत बसतात. ऋणको आणि धनको एकाच गांवांत राहत असतां ऋणाची विस्मृति पडणें, हें कोणत्याही काळांत शोभून दिसलेलें नाहीं.